दोनशे सतरा

पहाटे साडेपाचला, बालेवाडीत,
एका मुलीने माझा दंड धरून
जाड काळ्या पेनाने लिहिलं: २१७.
मग वाकून पोटरीवर वय.
सेहेचाळीस.
जे पतपेढीत कुणालाच सांगत नाही
ते आता मागच्या सगळ्यांना वाचता येणार होतं.

मागे कुणी असेल
हे मी तेव्हा धरूनच चालले होते.

पोहायला शिकले एक्केचाळिसाव्या वर्षी,
महापालिकेच्या तलावात, बायकांची बॅच, साडेतीन ते सव्वाचार.
कुर्लेकर बाई काठावरून ओरडायच्या,
"पाण्याशी भांडू नका हो, ते तुमचं ऐकून घेतंय!"
आज मी भांडले.
कुणाची तरी टाच गॉगलवर बसली,
डाव्या डोळ्यात तलाव शिरला,
आठातल्या पाचव्या फेरीला निळी दोरी धरून
दोन श्वास घेतले, तिसरा उधार ठेवला.

ओल्या पायात मोजा कसा चढवायचा
हे कुणी शिकवत नाही.
टाच घोट्यावर येते, करंगळी बाहेर राहते.
शेजारचा मुलगा तोवर सायकल घेऊन दिसेनासा.
त्याने मोजेच आणले नव्हते.

सायकल ओजसची, नववीतली,
तिसऱ्या गिअरच्या पुढे जायला नाही म्हणते.
सर्व्हिस रोडवर तीन चकरा, बारा किलोमीटर.
पहिल्या चकरीत एक गृहस्थ हवालदाराशी वाद घालत होते:
"यांच्या हौसेपायी आम्ही दूध आणायचं नाही का?"
तिसरीत तेच, स्कूटरवर, हँडलला दुधाची पिशवी,
जरा थांबून, खरंच काळजीने:
"अहो, तुम्ही अजून इथेच?"

उतरले तर पाय माझे नव्हते,
कुणीतरी भाड्याने दिलेले,
आणि गुडघ्यांचं भाडं वेगळं.
तीन किलोमीटर पळायचं.
पाण्याच्या टेबलावरची पोरं ग्लास गोळा करत होती,
मला बघून एकीने दोन पुन्हा मांडले.

मग मागून इंजिन.
वळून पाहिलं: अँब्युलन्स.

"मला काही झालेलं नाही."
"माहितीये ताई. शेवटच्याच्या मागं राहायचं, ड्यूटी आहे."
"मग जा ना पुढे."
"पुढं गेलो की तुम्ही बाद."

तर असे आम्ही निघालो,
मी आणि यासीन तांबोळी,
पहिल्या गिअरमध्ये दोघंही.
एका हातात स्टिअरिंग, एका हातात वडापाव.
लाज वाटून वाटून
दुसऱ्या किलोमीटरच्या पाटीपाशी ती संपली,
खिशातली सुटी नाणी संपावीत तशी.
तो म्हणाला, "या गाडीत कायम घाई.
सात वर्षांत रस्त्याकडेला काय आहे ते आज बघतोय.
हे कसलं झाड, गुलाबी?"

"टॅबे..." मी म्हणाले. धाप.
"...बुया."

झाडाचं नाव सांगायला पुरेल एवढा श्वास
माझ्याकडे शिल्लक होता.
हे मला माहीत नव्हतं.

कमानीतली हवा सोडायला घेतली होती.
डोकं वाकवून आत शिरले.
माइकवाल्याने माझं नाव चुकवलं, मग दुरुस्त केलं.
मेडलं संपली होती, एकाने वहीत पत्ता लिहून घेतला.
अर्धं केळं मिळालं, उन्हाने कोमट.
एक तास सत्तेचाळीस मिनिटं.
यासीनने सायरन वगैरे काही वाजवला नाही,
वायपर एकदा फिरवला फक्त, कोरड्या काचेवर,
आणि गेला.

सोमवारी काउंटरवर बाही वर सरकली.
खोबरेल, डेटॉल, भांड्यांची घासणी,
काही केल्या आकडा निघाला नव्हता.
स्लिप पुढे करणारे आजोबा चष्मा सावरत म्हणाले,
"दोनशे सतरा?
इथं तर अजून एकोणचाळीस चाललाय."

"तो कालचा आहे," मी म्हणाले,
आणि शिक्का उचलताना दंडातून जी कळ निघाली
ती शेवटपर्यंत येऊ दिली.